बद्ध विकरे : प्रथिनांचे पटल, संधानपात्र आणि आपला व्यवसाय

हेमंत ऋतूत संधान रेंगाळते, हा प्रत्येक औषधनिर्मात्याचा अनुभव आहे. अशाच दिवसांत एका स्नेही औषधनिर्मात्यांनी प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. त्यांच्याकडे एका विक्रेत्याचे माहितीपत्रक आले होते. मण्यांच्या रूपात बांधलेले यीस्ट संधानपात्रात सोडावे, संधान लवकर आणि एकसारखे होते, तळाशी गाळ कमी साचतो आणि तेच मणी धुऊन पुढच्या बॅचला वापरता येतात, असा त्यातील आशय होता. ‘घ्यावे का?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता.

उत्तर एका शब्दात देता आले असते. परंतु ‘नको’ म्हणावयाचे तर का नको, आणि ‘घ्या’ म्हणावयाचे तर कोणत्या अटीवर, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी विकरे आणि सूक्ष्मजीवांच्या पेशी बांधून ठेवण्याचे हे तंत्र काय आहे, ते कशासाठी निघाले, त्यात प्रथिनांच्या पटलाचे स्थान कोणते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे क्रमप्राप्त आहे. आसवारिष्टे करणाऱ्यांना तर त्याची गरज आहेच; पण ज्या वैद्यांनी कधी संधानपात्र हाताळलेले नाही त्यांच्याही टेबलावर आज एक बद्ध विकर असते आणि त्याच्या साक्षीवर ते रोज निर्णय घेतात. त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

विकराची अडचण

विकर, म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतो, हे सजीव पेशीने निर्माण केलेले आणि विशिष्ट रासायनिक क्रियेला गती देणारे प्रथिन होय. पपईच्या चिकातील पपेन मांस मऊ करते, मोड आलेल्या जवातील डायास्टेज पिष्टाची शर्करा करते, यीस्टमधील इन्व्हर्टेज उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करते. हे सारे घडवून आणताना विकर स्वतः खर्ची पडत नाही.

असे असूनही व्यवहारात ते प्रत्येक वेळी वाया जाते. कारण बहुतेक विकरे पाण्यात विरघळतात. शर्करेच्या द्रावणात विकर टाकले आणि काम झाले की ते त्या द्रावणातच मिसळून राहते. ते वेगळे काढणे खर्चाचे असते. न काढावे तर तयार मालात परके प्रथिन राहते, आणि उष्णता देऊन निष्क्रिय करावे तर महागडे विकर एका वापरात संपते. मोकळे विकर उष्णता, आम्लता आणि इतर विकरांचा मारा यांपुढे फार काळ टिकतही नाही. तेव्हा विकर एखाद्या अविद्राव्य पदार्थाशी अशा रीतीने बांधावे की द्रव त्याच्यावरून वाहत जाईल, क्रिया होईल आणि विकर मात्र जागेवरच राहील, ही कल्पना पुढे आली. यालाच निश्चलीकरण म्हणतात.

‘बंध’ आणि आपली परंपरा

रसशास्त्राच्या अभ्यासकास ‘बंध’ हा शब्द नवा नाही. पारदाचे चांचल्य आणि दुर्ग्रहत्व ज्या योगाने नाहीसे होते त्यास रसबंध म्हटले आहे, आणि रसरत्नसमुच्चयात असे पंचवीस बंध सांगितले आहेत. चंचल द्रव्य उपयोगात आणावयाचे तर आधी ते हाती राहिले पाहिजे, हा विचार दोन्हींकडे आहे. तथापि साम्य येथेच संपते. पारद हे धातुद्रव्य आहे, विकर हे प्रथिन आहे, आणि बांधण्याच्या रीती सर्वस्वी भिन्न आहेत. आधुनिक तंत्र आपल्या ग्रंथांत आधीच सांगितले होते, असा निष्कर्ष यावरून काढणे शास्त्राला धरून होणार नाही.

अधिक जवळचा दृष्टान्त चर्मकाराच्या कुंडीत सापडतो. कच्चे कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाचे प्रथिन. ते ओले राहिले तर सडते आणि उकळले तर विरघळून त्याचे जिलेटिन होते. परंतु हिरड्याच्या किंवा बाभळीच्या सालीच्या पाण्यात ते मुरवले की त्यातील कषाय द्रव्ये, अर्थात टॅनिन, प्रथिनांच्या तंतूंना एकमेकांशी जखडतात आणि कातडे कमावले जाते. कमावलेले कातडे सहजी सडत नाही व पाण्यात विरघळत नाही. प्रथिनपटलात विकर बांधण्याचे तंत्र याच जातीचे आहे. प्रथिनाच्या द्रावणात विकर मिसळावयाचे आणि मग ते सारे प्रथिन अशा रीतीने ‘कमवायचे’ की विकर त्या जाळ्यात अडकून राहील.

काही टप्पे

या विषयातील पहिली नोंद १९१६ सालची आहे. अमेरिकेत नेल्सन आणि ग्रिफिन यांना असे दिसले की, यीस्टमधील इन्व्हर्टेज कोळशाच्या भुकटीवर चिकटले तरी त्याची शर्करा विघटित करण्याची शक्ती टिकून राहते. त्या काळी या निरीक्षणाचा व्यावहारिक उपयोग कोणाच्या ध्यानात आला नाही.

१९६४ साली क्विओचो आणि रिचर्ड्स यांनी ग्लुटाराल्डिहाइड वापरून एका विकराचे स्फटिक आडबंधांनी जखडले. या रसायनाच्या रेणूला दोन्ही टोकांस एकेक अल्डिहाइड गट असतो. प्रथिनातील लायसिन या अमिनो आम्लाशी तो जोडला जातो, आणि दोन टोके दोन ठिकाणी अडकली की मध्ये पूल तयार होतो. आपल्या वाचकांना हे द्रव्य दुसऱ्या नात्याने परिचित असेल. रुग्णालयात एंडोस्कोपसारखी उष्णता न सोसणारी उपकरणे ज्या दोन टक्के द्रावणात बुडवून निर्जंतुक करतात, ते हेच ग्लुटाराल्डिहाइड होय. जंतूंची प्रथिने जखडून ते त्यांना मारते. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

औद्योगिक प्रमाणावरील पहिला वापर जपानमध्ये झाला. तानाबे सेइयाकु या औषधकंपनीत इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली अमिनोअॅसिलेज हे विकर बांधून अमिनो आम्लांची निर्मिती सुरू केली. १९७१ साली अमेरिकेत हेनिकर येथे भरलेल्या परिषदेत या शाखेची परिभाषा निश्चित झाली. १९७३ साली चिबाता यांच्याच गटाने विकर वेगळे न काढता संपूर्ण जिवाणुपेशीच जेलमध्ये बांधून अॅस्पार्टिक आम्ल तयार केले. विकर शुद्ध करण्याचा खर्च त्यामुळे वाचला.

आज सर्वांत मोठा औषधी उपयोग प्रतिजैविकांच्या क्षेत्रात आहे. पेनिसिलिन अॅसिलेज हे बद्ध विकर पेनिसिलिनचा मूळ गाभा मोकळा करते आणि त्यापासून अॅम्पिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन यांसारखी औषधे होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विकरावर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे.

प्रथिनांचे पटल

विकर बांधण्यासाठी कोळसा, काच, कृत्रिम राळ, सागरी शेवाळातील अल्जिनेट असे अनेक आधार वापरले जातात. प्रथिनपटलाचे वैशिष्ट्य असे की, विकर स्वतः प्रथिन असल्याने आधार आणि आश्रित एकाच जातीचे असतात. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात व्हीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कोलॅजेनच्या पातळ पटलात विकरे आणि संपूर्ण पेशी बांधून दाखवल्या. त्याच सुमारास, १९७३ साली, फ्रान्समध्ये ब्रून, थॉमस प्रभृतींनी रक्तातील अल्ब्युमिन आणि विकर एकत्र करून ग्लुटाराल्डिहाइडने जखडण्याची रीत प्रसिद्ध केली.

या रीतीतील मर्म समजून घेण्यासारखे आहे. विकर अत्यल्प मात्रेत उपलब्ध असते. त्या थोड्याशा विकरावर एकट्यावरच ग्लुटाराल्डिहाइडचा प्रयोग केला तर त्याच्या कार्यस्थानाजवळील लायसिनही जखडले जाते आणि विकर निकामी होते. सोबत भरपूर स्वस्त प्रथिन मिसळले तर रसायनाचा बराचसा जोर त्या प्रथिनावर खर्च होतो, जाळे त्याचे विणले जाते आणि विकर त्यात थोडक्या बंधांनी अडकते. अशा प्रथिनास पूरक प्रथिन म्हणता येईल.

आपल्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय काम मुंबईत झाले. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. एस. एफ. डिसूझा, जी. बी. नाडकर्णी आणि सहकारी यांनी महागड्या अल्ब्युमिनच्या जागी कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक वापरला आणि १९८० च्या दशकात त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध केले. दुग्धशर्करेचे विघटन करणारे लॅक्टेज त्यांनी अशा रीतीने बांधले. पांढऱ्या बलकात सुमारे दहा टक्के प्रथिने असतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक ओव्हाल्ब्युमिन असते. बाकीच्यांत लायसोझाइम असते, ते अनेक जिवाणूंच्या भित्तिका फोडते. ओव्होम्युकॉइड हे ट्रिप्सिनसारख्या प्रथिनभक्षक विकरांना अटकाव करते. म्हणजे बाजारात सहज मिळणारा, शुद्धीकरण न केलेला हा पदार्थ आधार तर देतोच, शिवाय बांधलेल्या विकराचे थोडेबहुत रक्षणही करतो.

कृती थोडक्यात अशी. थंड पांढऱ्या बलकात विकर किंवा पेशी मिसळतात. त्यात मोजके ग्लुटाराल्डिहाइड घालून मिश्रण काचेवर किंवा कापडावर पातळ पसरतात. काही वेळात ते घट्ट होऊन पाण्यात न विरघळणारे पटल बनते. मग ते पुष्कळ पाण्याने धुतात आणि उरलेले मोकळे अल्डिहाइड गट ग्लायसिन किंवा लायसिनच्या द्रावणाने निकामी करतात. बलक उष्णतेनेही घट्ट होतो, परंतु त्या तापमानाला पुष्कळशी विकरे नष्ट होतात. म्हणून रासायनिक मार्ग स्वीकारावा लागतो.

ट्रॉम्बे येथील याच गटाने सुती कापडावर यीस्टपेशी चिकटवून साखरेचे विघटन करून दाखवले. पुढे २००६ साली त्यांनी काचतंतूंच्या गाळणीवर बांधलेल्या जिवाणुपेशींच्या साह्याने मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. कच्च्या वनौषधींतील कीटकनाशकांचे अवशेष हा आपल्या फार्मसींपुढील नित्याचा प्रश्न असल्याने या दिशेकडे लक्ष ठेवणे हिताचे आहे.

पेशी जिवंत की मृत?

पेशी बांधली म्हणजे ती जिवंत राहिली असे नव्हे. ग्लुटाराल्डिहाइडने जखडलेल्या पटलातील पेशी बहुधा मृत असतात. तरीही त्या काम करतात. चिबाता यांच्या जेलमधील जिवाणूंची तर गंमत अशी की, पेशी मरून त्यांच्या भित्तिका सच्छिद्र झाल्यावर कच्चे द्रव्य आत शिरणे सोपे झाले आणि क्रिया वाढली. ३७ अंश सेल्सियसला त्यांची शक्ती निम्मी होण्यास सुमारे १२० दिवस लागत.

मात्र मृत पेशीकडून कोणते काम होईल आणि कोणते होणार नाही, यात मोठा भेद आहे. इन्व्हर्टेज हे यीस्टच्या भित्तिकेजवळच असते. साखर फोडण्याचे त्याचे काम एका पायरीचे आहे आणि त्यासाठी त्याला पेशीच्या जिवंतपणाची गरज नाही. त्यामुळे मृत यीस्टचे पटल साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज उत्तम रीतीने करील. ग्लुकोजपासून मद्य होणे ही गोष्ट वेगळी आहे. तेथे सुमारे बारा विकरे ओळीने काम करतात आणि त्यांना सहविकरांचा व ऊर्जावाहक द्रव्यांचा सतत पुरवठा लागतो. एदुआर्त बुखनेर यांनी १८९७ साली पेशीविरहित यीस्टरसानेही किण्वन घडवून दाखवले हे खरे; परंतु तो रस थोड्या काळात थकतो. दिवसेंदिवस चालणारे संधान जिवंत यीस्टच करू शकते.

म्हणून ज्यांना जिवंत यीस्ट बांधावयाचे असते ते प्रथिनपटलाऐवजी बहुधा कॅल्शियम अल्जिनेट वापरतात. अल्जिनेटच्या द्रावणात यीस्ट कालवून ते थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडले की साबुदाण्यासारखे मणी तयार होतात, आणि त्यात यीस्ट जिवंत राहते. परदेशांत काही फेसाळ वाइनच्या बाटल्यांतील दुसऱ्या किण्वनासाठी असे मणी वापरात आले, कारण त्यामुळे यीस्टचा गाळ बाटलीतून काढणे सोपे जाते.

बंधनाची किंमत

बंधनाने स्थैर्य येते, पण काही गोष्टी हातच्या जातात. जाळ्यात अडकलेल्या विकरापर्यंत कच्चे द्रव्य झिरपत जावे लागते आणि तयार झालेले द्रव्य झिरपत बाहेर यावे लागते. पटल जाड असेल तर आतील विकर उपाशी राहते आणि बाहेरील थरच काय ते काम करतो. ज्यांचे रेणू मोठे, त्यांना आत प्रवेशच मिळत नाही. आम्लतेचे जे मान मोकळ्या विकरास मानवते तेच बद्ध विकरास मानवेल असेही नाही. वारंवार वापराने पटलावर मळ साचतो, तडे जातात, काही विकर हळूहळू निसटते. थोडक्यात, बद्ध विकराला आयुर्मर्यादा असते आणि ती संपली हे डोळ्यांना दिसत नाही.

ग्लुटाराल्डिहाइडच्या अवशेषांचा प्रश्न आणखी वेगळा. पोटात घ्यावयाच्या औषधाशी ज्याचा संबंध येणार ते पटल पूर्ण धुतले गेले आहे, याची खात्री करावी लागते. म्हणूनच सौम्य पर्यायांचा शोध चालू असतो. त्यांतील एक आपल्या वाचकांना कुतूहलाचा वाटेल. ज्या अनंताची पांढरी सुगंधी फुले आपण बागेत लावतो, त्याच्या फळांतील जेनिपोसाइडपासून जेनिपिन नावाचे द्रव्य मिळते. ते प्रथिनांना जखडते, त्या वेळी निळा रंग उत्पन्न होतो, आणि ग्लुटाराल्डिहाइडपेक्षा त्याची विषारता पुष्कळ कमी आढळली आहे.

संधानशाळेच्या दृष्टीने

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माहितीपत्रकातील मणी कोणत्या द्रव्याचे आहेत, हे त्यात लिहिलेलेच नव्हते. प्रथम तेच विचारले पाहिजे, कारण उत्तर त्यावर अवलंबून आहे.

मणी प्रथिनाचे असतील तर अरिष्टासाठी ते अयोग्य होत. धायटीची फुले टॅनिनयुक्त आहेत. अशोक, बाभूळ, अर्जुन, खदिर यांच्या काढ्यांत कषाय द्रव्ये भरपूर असतात. टॅनिन आणि प्रथिन यांची गाठ पडली की ती एकमेकांना धरतात. लाल वाइनचा अतिरिक्त तुरटपणा काढण्यासाठी तीत अंड्याचा पांढरा बलक घालण्याची जुनी पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. तेव्हा अशोकारिष्टात प्रथिनाचे पटल ठेवले तर दोन्ही बाजूंनी हानी होईल. पटल कषाय द्रव्यांनी माखून निकामी होईल, आणि ज्या कषाय रसासाठी अरिष्ट केले तोच काही अंशी पटलाबरोबर निघून जाईल. शिवाय त्यातील यीस्ट मृत असल्यास मद्यांश उत्पन्नच होणार नाही. अंडे किंवा जिलेटिन यांचा औषधनिर्मितीशी संबंध आला हे अनेक रुग्णांच्या आहारनियमांत बसत नाही, आणि ते त्यांच्यापासून लपवणे वैद्यधर्मास शोभणारे नाही.

मणी अल्जिनेटचे असतील तर हे आक्षेप राहत नाहीत, दुसरे येतात. अल्जिनेटचा मणी कॅल्शियमच्या आधाराने उभा असतो. सायट्रेट, फॉस्फेट यांसारखी कॅल्शियम ओढून घेणारी द्रव्ये द्रवात असली की तो मऊ पडून फुटतो. आपल्या काढ्यांत व प्रक्षेप द्रव्यांत काय काय असते हे आपण जाणतोच. एकच मणी पुढच्या बॅचला वापरण्यात तर अधिक धोका आहे. मण्याच्या छिद्रांत मागील औषधाचा अंश राहतो. आणि एखाद्या बॅचला शुक्तत्व आलेले असेल तर आम्ल उत्पन्न करणारे जिवाणू मण्यांबरोबर पुढच्या पात्रात जातात. कुमारीआसवातून काढलेले मणी दशमूलारिष्टात टाकणे म्हणजे दोन औषधांचे संकर करणे होय.

याहून महत्त्वाचा मुद्दा कल्पनेचा आहे. आसवारिष्ट म्हणजे औषधी मिसळलेले मद्य नव्हे. शार्ङ्गधराने अनुक्त मानासाठी द्रव एक द्रोण, गूळ एक तुला, मध त्याच्या निम्मा आणि प्रक्षेप दशमांश असे प्रमाण दिले आहे. त्यात गुळातील साखर हळूहळू फुटते, मद्यांश क्रमाक्रमाने वाढतो आणि त्या वाढत्या मद्यांशात प्रक्षेप द्रव्यांतील पाण्यात न उतरणारे अंशही उतरत जातात. यीस्टप्रमाणेच फुलेही येथे काही काम करतात. निंबारिष्टावर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धायटीच्या फुलांत इन्व्हर्टेजची क्रिया आढळली. म्हणजे १९१६ साली कोळशावर बांधले गेलेले जे विकर, त्याच प्रकारचे काम आपल्या पात्रातील फुले करीत असतात. धायटी ही केवळ चालीरीत म्हणून घालावयाची वस्तू नाही. संधान घाईने उरकले तर मद्यांश मिळेल, परंतु द्रव्यांचा आणि वाढत्या मद्यांशाचा जो दीर्घ सहवास अभिप्रेत आहे तो मिळेलच असे सांगता येत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ३(अ) प्रमाणे शास्त्रोक्त आयुर्वेदीय औषध हे परिशिष्टात नमूद केलेल्या प्रमाणग्रंथांतील पाठानुसारच केलेले असावे लागते. ग्रंथोक्त नाव लावून आत निराळी प्रक्रिया करणे त्यात बसत नाही. प्रयोग करावयाचा तर तो प्रयोग म्हणून, स्वतंत्र नोंदी ठेवून, शास्त्रोक्त बॅचशी तुलना करून करावा.

तर मग हेमंतातील रेंगाळण्यास उपाय काय? प्रथम कारण पाहावे. यीस्ट कमी पडल्यामुळे संधान रेंगाळते असे नाही. यीस्ट थंडीने मंदावते म्हणून ते रेंगाळते. मणी आणले तरी थंड पात्रात त्यातील यीस्टही मंदच राहणार. पूर्वाचार्यांनी पात्र धान्यराशीत किंवा भूमीत ठेवण्यास सांगितले, त्यात द्रवाचे तापमान फार चढू-उतरू न देण्याचा व्यवहार आहे. आजच्या संधानशाळेत उबदार बंद खोली, पात्राभोवती भुसा किंवा गोणपाटाचे वेष्टन, आणि द्रवाचे तापमान, आम्लता, शर्करा यांची दररोज नोंद एवढ्याने पुष्कळ काम होते. आयुर्वेदीय औषधिसंहितेत बहुसंख्य आसवारिष्टांसाठी मद्यांशाचे प्रमाण साधारणतः ५ ते १० टक्के दिलेले आहे. तो तेथे पोहोचला का, आणि मिथेनॉल नाही ना, ही तपासणी कोणत्याही मण्यापेक्षा अधिक मोलाची आहे. स्नेही औषधनिर्मात्यांना हेच उत्तर दिले. त्यांनी मणी घेतले नाहीत. खोली मात्र उबदार करून घेतली.

चिकित्सालयातील बद्ध विकर

आता वैद्यांच्या टेबलाकडे वळू. रक्तशर्करा मोजण्याच्या यंत्रात जी पट्टी आपण घालतो, तिच्या टोकाशी विकराचा अत्यंत पातळ थर असतो. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर पटलाआड ठेवून ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली. १९७५ साली बद्ध विकराचे पटल असलेले पहिले ग्लुकोजमापक यंत्र प्रयोगशाळांसाठी बाजारात आले आणि १९८७ साली घरगुती वापराची विद्युत-रासायनिक पट्टी आली. हे विकर बहुधा अॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवतात. त्याच जातीचे विकर मधमाशी आपल्या मधातही घालते, ही गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. दंडावर लावून दहा-चौदा दिवस सतत शर्करा मोजणारे जे संवेदक अलीकडे आले आहेत, त्यांपैकी काहींत विकर अल्ब्युमिनसह आडबंधांनी जखडलेले असते. प्रयोगशाळेतील प्रथिनपटल अशा रीतीने रुग्णाच्या त्वचेखाली पोहोचले आहे.

बद्ध विकराच्या ज्या मर्यादा वर सांगितल्या त्या येथे रुग्णाच्या जिवाशी जोडलेल्या आहेत. म्हणून पुढील गोष्टी वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी कटाक्षाने पाळाव्यात.

पट्ट्यांची डबी उघडी राहिली की हवेतील दमटपणा आत जातो आणि विकराचा थर बिघडतो. कोकणात आणि पावसाळ्यात हा धोका विशेष. डबीवरील तापमानमर्यादा आणि अंतिम तारीख पाहावी; उन्हात तापणाऱ्या काउंटरवर किंवा मोटारीत डबी ठेवू नये. पट्टी बिघडली हे तिच्याकडे पाहून कळत नाही, यासाठी तपासद्रावणाने मधूनमधून पडताळा घ्यावा.

रुग्णाचे हात साबण-पाण्याने धुऊन कोरडे केल्याशिवाय बोट टोचू नये. फळ सोललेल्या, गूळ वा मध हाताळलेल्या बोटावरील सूक्ष्म अंशानेही आकडा खोटा वाढतो. अनुपान म्हणून मध देणाऱ्या चिकित्सालयात ही चूक सहज घडू शकते.

पांडुरोग्यात रक्तकण कमी असल्याने अनेक पट्ट्या शर्करा आहे त्याहून अधिक दाखवतात. रक्त दाट असल्यास कमी दाखवतात. काही संवेदकांत पॅरासिटामॉलने, काहींत क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने आकडा फसतो.

पट्टीत कोणते विकर आहे हेही पाहावे. पीक्यूक्यू या सहविकरावर चालणारे ग्लुकोज डिहायड्रोजिनेज माल्टोजलाही ग्लुकोज समजते. उदरावरणातून डायलिसिस करताना वापरल्या जाणाऱ्या आयकोडेक्स्ट्रिन द्रावणापासून शरीरात माल्टोज तयार होते. त्यामुळे खरी शर्करा घसरलेली असताना आकडा चांगला दिसतो, आणि त्यावर इन्सुलिन दिले तर अनर्थ ओढवतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली याविषयी इशारा दिला. १९९७ ते २००९ या काळात अशा चुकीच्या मोजणीशी निगडित १३ मृत्यूंची नोंद त्यांच्याकडे झाली होती.

शेवटची गोष्ट आपल्या चिकित्सेच्या प्रामाणिकपणाशी संबंधित आहे. आय.एस.ओ. १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे यंत्राचे ९५ टक्के निष्कर्ष, शर्करा १०० मिलिग्रॅम किंवा अधिक असता, १५ टक्क्यांच्या आत असावेत, एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे खरी शर्करा २०० असता १७० ते २३० यांपैकी कोणताही आकडा मानकात बसतो. अशा स्थितीत आठ दिवसांत १८० ची १६५ झाली, म्हणून आपल्या योगाने गुण आला असे रुग्णास सांगणे घाईचे ठरेल. प्रमेहावरील आपल्या चिकित्सेचे मूल्यमापन करावयाचे तर प्रयोगशाळेतील तपासणी, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी आणि रुग्णाची लक्षणे ही एकत्र पाहावीत. एका पट्टीच्या आकड्यावर चालू औषधे कमी किंवा बंद करू नयेत.

समारोप

प्रथिनांच्या पटलात विकर बांधण्याच्या विद्येने औषधनिर्माणाला आणि रोगनिदानाला मोठे बळ दिले आहे, आणि तिच्यातील काही मोलाचे काम आपल्या मुंबईत, अंड्याच्या साध्या पांढऱ्या बलकावर झाले आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. आपल्या व्यवसायात तिचे स्वागत करताना बांधले काय आहे, ते कशाने बांधले आहे, ते जिवंत आहे की मृत, आणि ते किती काळ टिकेल, हे चार प्रश्न विक्रेत्यास विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर माहितीपत्रक कितीही आकर्षक असो, ते बाजूस ठेवावे. ज्या वैद्यबंधूंना व औषधनिर्मात्यांना आसवारिष्टांच्या संधानाविषयी स्वतःच्या मोजमापाच्या नोंदी असतील त्यांनी त्या आपापल्या शाखेच्या सभेत अवश्य मांडाव्यात. ऋतुनिहाय तापमान आणि मद्यांश यांच्या अशा नोंदी एकत्र आल्या तर सर्वांनाच त्यांचा लाभ होईल.